पोरं व्हिडिओ बघूनच येत नाहीत, मग फ्लिप्ड क्लासरूम करायची कशी?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण माझंही अगदी असंच झालेलं. फ्लिप्ड क्लासरूम करा, म्हणजे पोरांनी शिकवणं घरी व्हिडिओवर बघून यायचं आणि वर्गात गणितं सोडवायची, असं एचओडींनी (विभागप्रमुखांनी) सांगितलं म्हणून तुम्ही व्हिडिओ टाकले आणि साठातले सात-आठच बघून येतात, बरोबर? मी ऐरोलीजवळच्या एका कॉलेजात फर्स्ट इयरला मेकॅनिक्स शिकवतो, त्यामुळे मी कुठे आपटलो तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे मी पंचेचाळीस मिनिटांचे व्हिडिओ केले होते. कोण बघणार? आमची अर्धी पोरं डोंबिवली-कल्याणकडून येतात, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरची लोकल पकडतात, घरी पोचेपर्यंत जीव गेलेला असतो. आता सात-आठ मिनिटांचा करतो, त्यात एकच गोष्ट, डाउनलोड करून गाडीत बघता येते. सगळं स्वतः बनवायची पण गरज नाही, एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांच्या मोफत व्हिडिओ लेक्चरच्या साइटवर) ढीगभर आहे, फक्त अख्खं लेक्चर न देता कुठून कुठपर्यंत बघायचं ती मिनिटं लिहून द्या.

खरी चूक दुसरी होती. कोणी बघून आलं नाही की मला दया यायची आणि मी वर्गात सगळं परत शिकवायचो, म्हणजे जे सात जण बघून आले तेच येडे ठरले ना, पुढच्या वेळी तेही बघेनात. तुम्हीपण बहुतेक हेच करताय. आता मी आल्या आल्या तीन प्रश्नांची चिठ्ठी घेतो, इंटर्नलमध्ये थोडे मार्क धरतो आणि सरळ गणिताला हात घालतो. पहिले दोन आठवडे पोरांनी तोंडं पाडली, मग सुधारली.

आता वर्गात काय करायचं, कारण सगळी मजा तिथेच आहे. फ्रिक्शनचं, म्हणजे घर्षणाचं, उदाहरण घ्या. १० किलोचा ब्लॉक जमिनीवर ठेवलाय, म्यू (घर्षणाचा गुणांक) ०.४, आडवा २० न्यूटनने ढकलला, फ्रिक्शन किती? डोळे मिटून बोटांनी उत्तराच्या पर्यायाचा नंबर दाखवायचा. जवळजवळ अख्खा वर्ग ३९.२४ म्हणतो, म्यू गुणिले एन (जमीन ब्लॉकला वर ढकलते तो जोर), फॉर्म्युला पाठ! मी काहीच बोलत नाही, फक्त शेजारच्याला पटवा म्हणतो. एकदा शेवटच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा पोरगा शेजाऱ्याला म्हणाला, "अरे मग तो ब्लॉक उलटा आपल्याच अंगावर येईल ना!" दोन मिनिटांत अर्ध्या वर्गाची बोटं बदलली. ब्लॉक हललाच नाही म्हणजे फ्रिक्शन २० न्यूटन, ३९.२४ ही नुसती मर्यादा. हेच मी फळ्यावर वर्षानुवर्षं सांगत होतो आणि पेपरात तीच चूक दिसायची.

ही पद्धत माझी नाही हां, हार्वर्डचे फिजिक्सचे प्रोफेसर एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये असं शिकवायला सुरुवात केली. त्यांचा ठोकताळा असा की साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तरच चर्चेला सोडायचं, त्याहून कमी असतील तर आधी आपण समजवायचं. माझा ब्लॉक खरं तर या नियमात बसत नाही, कारण आधी जवळजवळ सगळेच चुकतात, पण तो मी हट्टाने ठेवलाय.

"सर शिकवतच नाहीत" अशी तक्रार फीडबॅकमध्ये येणार, मला आली. तेव्हा एचओडींना दोन गोष्टी दाखवा. २०१४ मध्ये सायन्स-इंजिनिअरिंगच्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, त्यात नुसत्या लेक्चरला नापास होणारे सुमारे ३४ टक्के आणि अ‍ॅक्टिव्ह लर्निंगला (वर्गात पोरांनी स्वतः करून शिकायचं) २२ टक्के निघाले. आणि २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच दिसलं की अशा वर्गात पोरं शिकतात जास्त, पण त्यांना वाटतं आपण कमी शिकलो. छान लेक्चर ऐकलं की सगळं कळल्यासारखं वाटतं, कागदावर फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवर कुठले जोर लागतात त्याची आकृती) काढायला घेतला की किती कळलंय ते समजतं. पोरांनाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

अख्खा सिलॅबस मात्र फ्लिप करायला जाऊ नका, मरून जाल. एनबीएच्या (कॉलेजच्या कोर्सला मान्यता देणाऱ्या बोर्डाच्या) फाईलला फोटो पाहिजे असेल तर तो एका तासातही निघतो. या सेमला दोनच टॉपिक घ्या, जिथे केटी लागणारी (विषय राहणारी) पोरं हमखास अडकतात ते. तुमचा विषय कुठला ते लिहिलं नाहीये, सांगितलंत तर कुठल्या टॉपिकपासून सुरू करायचं ते बघू.