शून्य दिसलं की आधी वायर तपास

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. वाळूजला पीएलसीचं, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या संगणकाचं, काम करतेस, सुट्टीच्या दिवशी वंध्यत्व केंद्राच्या लॅबमध्ये शुक्राणू मोजणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी बसतेस, आणि रात्री नामदेवांची गाथा उघडून कुठला अभंग कुणाचा हे शोधतेस. घरचे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. गाइड म्हणतात, एक काय ते ठरव. मला विचारशील तर पीएचडीची नोंदणी पुरुष वंध्यत्वावरच कर. ऑटोमेशन ही तुझी भाकरी आहे, ती सुटणार नाही. गाथा कित्येक शतकं थांबलीय, आणखी चार वर्षं थांबेल. मूल होत नाही म्हणून सासरी रोज बोलणी खाणाऱ्या बाईला मात्र थांबायला वेळ नाही. पण बाकीचे दोन विषय टाकूनही देऊ नकोस. ‘नाही’ आणि ‘दिसलं नाही’ यांतला फरक ओळखणं, हेच काम तुला तिन्हीकडे करायचं आहे.

तुझ्या पॅनलमध्ये हा फरक रोज तुझ्या डोळ्यांसमोर असतो. भट्टीचं तापमान विजेच्या प्रवाहातून कळवणारा ट्रान्समीटर 4 ते 20 मिलीअँपिअरचा. सर्वांत कमी तापमानाला 4, सर्वांत जास्त तापमानाला 20. शून्यापासून का नाही? कारण वायर तुटली की शून्य येतं. शून्याचा अर्थ ‘भट्टी थंड’ असा ठरवला असता, तर उंदराने वायर कुरतडली त्या रात्री कंट्रोलरने हीटर फुल चालू ठेवले असते. म्हणून मोजपट्टीचा तळच वर उचलला. विजेच्या आधीची हवेच्या दाबावर चालणारी उपकरणंही 3 ते 15 पीएसआयची होती. नामूर या ऑटोमेशन वापरणाऱ्या उद्योगांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रवाह 3.6 च्या खाली गेला की ते माप धरायचंच नाही, बिघाड धरायचा. इमर्जन्सी स्टॉप आपण एनसी, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं राहील असा, जोडतो तोही याचसाठी, की वायर निघाली तर मशीन थांबावं. यंत्राला ‘मला कळत नाही’ असं सांगता यावं म्हणून कुणीतरी मुद्दाम जागा राखून ठेवली. आपल्या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

आता हीच नजर घेऊन लॅबमध्ये जा. काचेवर एकही शुक्राणू दिसला नाही, म्हणून लगेच ‘शून्य’ लिहायचं नसतं. वीर्याचा नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये 3000 जी, म्हणजे गुरुत्वाच्या 3000 पट, जोराने 15 मिनिटं फिरवून तळाचा साका तपासायचा. त्यात चार-दोन सापडले तरी त्या माणसाचं पुढचं सगळं बदलतं, कारण 1992 पासून एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडायची पद्धत आपल्या हातात आहे. साक्यातही काही नसेल तर प्रश्न विचार. नमुना पूर्ण आला का, की पहिला भाग सांडला? बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात आणि माणूस लाजेपोटी सांगत नाही. आधीच्या वीर्यस्खलनानंतर 2 ते 7 दिवसांचं अंतर पाळलं होतं का? गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला का? शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे गणपतीत आलेला ताप दिवाळीच्या रिपोर्टात दिसतो. आणि नमुना कमी, आम्लधर्मी, त्यात फ्रुक्टोज ही साखर नाही, असं आढळलं तर वृषणात शुक्राणू व्यवस्थित बनत असतील, फक्त वाट बंद असेल. म्हणजे शून्य डबीत आहे, माणसात नाही. वृषणातून सुईने शुक्राणू काढता येतात. एका ओळीच्या रिपोर्टावर त्याला ‘तुला मूल होणार नाही’ असं सांगणं हा अन्याय आहे.

आकड्यांच्या रेषेबद्दलही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सहाव्या आवृत्तीत मिलीलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा दिली आहे. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांतलेही पाच टक्के या रेषेखाली होते. तेव्हा रेषेखालचा प्रत्येक जण वांझ आणि वरचा प्रत्येक जण बाप, असा हिशोब मांडू नकोस.

पण आपल्याकडचं सर्वांत मोठं खोटं शून्य लॅबमध्ये नाही, घरात आहे. मूल होईना की बाईच्या सोनोग्राफ्या होतात, दुर्बिणीतून तपासणी होते, नवस-सायास होतात, दुसऱ्या लग्नाची भाषाही निघते. पुरुषाची तपासणी झालेली नसते, आणि ती झाली नाही म्हणून ‘आमच्या पोरात दोष नाही’ असं धरलं जातं. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत. तुझ्या पाहणीच्या फॉर्ममध्ये म्हणून दोन रकाने पुरणार नाहीत. ‘दोष आढळला’, ‘दोष आढळला नाही’ आणि ‘तपासणी झालेली नाही’ असे तीन ठेव. तिसरा रकाना हे तुझं 3.6 मिलीअँपिअर. बीड-परभणीच्या खेड्यांत तो किती भरतो, एवढंच नीट मोजलंस तरी मोठं काम होईल.

कारखान्याचा आणि या विषयाचा संबंधही डोक्यात ठेव. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कीडनाशक बनवणाऱ्या कामगारांच्याच लक्षात आलं की आपल्यातल्या कुणाला मूलबाळ होत नाही. तपासणी केली तर कित्येकांच्या नमुन्यात शुक्राणू जवळपास नव्हतेच. तोवर कुणी मोजलं नव्हतं, म्हणून त्रासही ‘नव्हता’. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं, आणि तू तर रोज फोर्ज शॉपमधून, तापलेलं लोखंड ठोकतात तिथून, जातेस. कामाचं ठिकाण, शिफ्ट, उष्णता, फवारणी हे प्रश्न फॉर्ममध्ये हवेतच. निष्कर्षाची घाई मात्र नको. आणि हे सगळं नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्यावर. वहीत नाव नको, फक्त क्रमांक. आपल्या गावात ही बातमी फुटली तर त्या माणसाला पारावर बसणं मुश्कील होतं.

गाथेबद्दल थोडंच लिहितो. अमेरिकेत 1787-88 मध्ये राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने छापलेल्या 85 लेखांपैकी 12 लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे असा वाद होता. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये ‘अपॉन’सारखे किरकोळ शब्द मोजून ते मॅडिसनकडे दिले. हॅमिल्टन तो शब्द हजारामागे सुमारे तीनदा वापरायचा, मॅडिसन क्वचितच. नरसीचे नामदेव आणि पुढच्या काळातला विष्णुदास नामा यांचे अभंग वेगळे करण्यासाठी तू हेच करू पाहतेस, कल्पना उत्तम आहे. पण अभंग असतो साठ-सत्तर शब्दांचा. हजारामागे तीनदा येणारा शब्द साठ शब्दांच्या अभंगात शंभरातल्या ऐंशीहून जास्त वेळा तसाही येणार नाही. त्याच्या नसण्यावरून अभंग दुसऱ्याचा ठरवता येत नाही. एकेक अभंग घेऊ नकोस, शेकड्याने एकत्र कर.

शिवाय जुन्या छापील प्रती ‘ह्मणे’ लिहितात. संगणकाला ‘म्हणे’ शोधायला सांगितलंस तर तो निर्धास्तपणे शून्य दाखवेल. उलट ‘नामा’ शोधलंस तर ‘नामाचा महिमा’ही ओळीने येऊन बसेल. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग ‘नामयाची जनी’ म्हणत येतात, तेही वेगळे काढावे लागतील. पैठणला नाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, म्हणजे तीनशे वर्षांत त्यात इतरांचं पुष्कळ मिसळलं होतं. गाथेची तर बरीचशी भिस्त पाठांतरावर होती. आधी प्रती एकमेकींशी ताडून लाव, मग शब्द मोज.

पैसे भरले की आठवड्यात पेपर छापून देतो म्हणणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नकोस. आणि पेपरवर कुणाचं नाव घालायचं हे काम सुरू होण्याआधी गाइडांशी बोलून लेखी ठरव. तुझ्यासोबत बसून जो टेक्निशियन नमुने मोजणार आहे, त्याचा वाटा नाव घालण्याइतका असेल तर ते यायलाच हवं, यावर ठाम राहा.

फॉर्मचा मसुदा समितीकडे द्यायच्या आधी मला पाठव. पुरुषांना विचारायचे प्रश्न तू स्वतः विचारणार की कुणी पुरुष सोबतीला घेणार, तेही त्यात लिही. माझ्या मते घ्यावा, निदान खेड्यांत तरी.

तुझा,
सर