व्हिडिओ थोडे कमी कर, शेजारी जाऊन बस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गावातल्या बायकांच्या आहार-आरोग्यावरचे तुझे आठही व्हिडिओ पाहिले. एकदा एकटीने, आणि एकदा आमच्या गल्लीतल्या चौघींना जवळ बसवून. माहितीत चूक काढायला जागा नाही. प्रथिनं, लोह, कॅल्शियम, सगळं नीट अभ्यासून सांगितलंयस. पण तिसऱ्या व्हिडिओला चौघींतली एक उठली आणि जाताना म्हणाली, "खरंय सगळं, पण आज रातच्याला काय करू तेवढं सांग की." तिचा हा प्रश्न मी तुझ्यासाठी जपून ठेवलाय.

अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझी पायपीट झाली, त्यातली शेवटची काही वर्षं मोबाईलची होती. तोवर आमची तक्रार एकच असायची, बायकांपर्यंत माहिती पोचत नाही. मग माहिती आली, आणि लोंढ्यासारखी आली. त्यानंतर एका गावात जे पाहिलं ते सविस्तर सांगते.

पाचव्या महिन्यातली एक पोरगी होती. हिमोग्लोबिन ८.२. गरोदरपणी ते किमान ११ हवं. आशाताईने तिला लोहाच्या लाल गोळ्या दिल्या होत्या. महिन्याने पुन्हा तपासलं, तर आकडा जागचा हलला नव्हता. घरी गेले तर गोळ्यांची पाकिटं फडताळात तशीच पडलेली. ती रोज सकाळी बीटाचा रस पीत होती. 'सात दिवसांत रक्त वाढवा' असा व्हिडिओ तिला नणंदेने पाठवला होता. मी विचारलं, गोळ्या का सोडल्यास? म्हणाली, "बाई, गोळीनं शी काळी झाली, मळमळायला लागलं. बीटानं लघवी लाल होते. म्हंजी रक्त वाढतंय ना?"

मुली, तिचं हे बोलणं मी कितीतरी वेळा मनात घोळवलं. तिला अडाणी म्हणणं सोपं होतं. पण तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावर विचार केला होता आणि त्यातून निष्कर्ष काढला होता. तिच्या हातात पुरावा होता, फक्त तो चुकीचा होता. बीटाचा रंग शरीरातून तसाच बाहेर पडतो, त्याचा रक्ताशी संबंध नाही. आणि गोळीतलं जे लोह आतड्यात शोषलं जात नाही, त्यानेच शी काळी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. हे तिला गोळी देतानाच कुणी सांगितलं असतं, तर पाकीट फडताळात गेलं नसतं. दिवसाच्या घाईत वाटप करणाऱ्या बाईला तेवढा वेळ मिळाला नसेल. व्हिडिओवाल्याकडे मात्र वेळच वेळ होता.

मग आम्ही दोघींनी ओट्यावर बसून हिशोब मांडला. गरोदर बाईला दिवसाला २७ मिलिग्रॅम लोह लागतं. १०० ग्रॅम बीटात ते १ मिलिग्रॅमही भरत नाही. तिच्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, आणि अशा किमान १८० गोळ्या घ्यायच्या असतात. सातवी शिकलेली ती पोरगी. तिने मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाली, "मग ह्या एका गोळीइतकं व्हायला बीट किती किलो खाऊ?" पुढे तिला काही पटवून द्यावं लागलं नाही. मळमळीसाठी गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. त्याच आठवड्यात तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे नेलं. एवढ्या कमी रक्तावर गोळ्या किती वाढवायच्या हे त्यांनीच ठरवायचं असतं.

म्हणून तुला सांगते, प्रत्येक व्हिडिओत एखादा असा हिशोब ठेव जो बाई स्वतः करून पाहील. 'बीट खाऊ नका' म्हणू नकोस. बीट खावं की, भाजी म्हणून चांगलंच आहे. किती खाल्लं तर काय मिळतं, एवढं सांग. गुळाचंही तेच. गूळ-शेंगदाण्याने रक्त वाढतं असं आपण सगळ्याच सांगत आलो, मीही सांगितलंय. खाऊ म्हणून तो उत्तम. पण १० ग्रॅमच्या खड्यातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच लोह मिळतं, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय असलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरात ४८ होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत त्या ५४ वर गेल्या. याच वर्षांत स्वस्त डेटा आला आणि गावोगाव फोन पोचले. फोनमुळे रक्त कमी झालं असं मी मुळीच म्हणत नाही. पण नुसती माहिती वाढल्याने ते वाढत नाही, इतकं तरी दिसतं.

आता फोनबद्दल. तू 'महिलांनो' म्हणून सुरुवात करतेस, पण तो फोन बहुतेक घरात नवऱ्याचा किंवा पोराचा असतो. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या शंभरातल्या जेमतेम २५ बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. आता त्या नक्कीच जास्त आहेत, तरी फोन बाईच्या हाती येतो तो रात्री भांडी आवरल्यावर, घटकाभर, आणि शेजारी कुणीतरी असतंच. पाळीबद्दल, अंगावरून पांढरं जाण्याबद्दलचा व्हिडिओ ती सासऱ्यासमोर लावेल का? असे विषय बोलक्या चित्राऐवजी छोट्या आवाजी निरोपात सांग, म्हणजे फोन कानाला लावून ऐकता येईल. आणि बोलताना तुझी शहरी मराठी थोडी बाजूला ठेव. 'रक्तक्षय' म्हण, पण त्याला जोडून 'जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते' हेही म्हण.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुझ्याकडून होऊ नये. बचत गटाच्या बैठकीत एका बाईने शुगरवर सदाफुलीची पानं चावून खायचा निरोप वाचून दाखवला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, असलं काहीतरी पसरवू नका. बोलले ते खरंच होतं. त्या झाडातली द्रव्यं विषारी असतात, कॅन्सरच्या औषधांसाठी ती डॉक्टरी देखरेखीत काटेकोर मापाने वापरली जातात. पण ती बाई पुढच्या बैठकीला आली नाही, त्यानंतरही कधी आली नाही. तिच्या नवऱ्याला शुगर होती, आणि हे मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. चांगलं समजून, जीव तोडून ती ते वाचत होती. निरोप पसरतो तो पाठवणाऱ्या माणसावरच्या मायेमुळे. भावजयीने पाठवलंय म्हणजे माझ्या भल्याचंच असणार. तू त्या निरोपाला खोटं म्हटलंस की बाईला वाटतं, माझ्या भावजयीला खोटं म्हटलं. त्यामुळे आधी विचार, "हे कुणासाठी पाठवलं गं त्यांनी? घरात कुणाला आहे?" तिथून बोलणं सुरू कर.

आणि बायकांना निरोप तपासायला शिकव, पाठ करायला नको. मी तीन गोष्टी विचारायला लावायचे. बोलणारा कोण, काय शिकलाय? किती खायचं आणि किती दिवस, ते सांगतो का? शेवटी काही विकतो का? तिसऱ्या प्रश्नाला बायका फार पटकन हुशार होतात, बाजारात त्यांना कोण फसवतं! 'मधुमेह मुळापासून बरा' असली जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे सांगितलं की डोळे मोठे होतात. औषध बंद करायला सांगणारा निरोप आला तर तो पुढे न पाठवता आधी आशाताईला दाखवायचा, एवढा एक नियम गटात ठरवून घे. निरोपावर विश्वास ठेवून कडू लागणाऱ्या दुधीचा रस पिणाऱ्या बाईला रक्ताची उलटी होऊ शकते, तिथे थांबून विचार करायलाही वेळ मिळत नाही.

पहिला प्रश्न तुलाही लागू आहे. तू बी.एस्सी. गृहविज्ञान आहेस, डॉक्टर नाहीस. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ते स्पष्ट सांग. ऑगस्ट २०२३ च्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचनांतही आरोग्यावर बोलणाऱ्यांनी आपली पात्रता सांगावी असं आहे, पण तुझ्या बायकांच्या विश्वासासाठी म्हणून सांग.

ताटाबद्दल थोडंच लिहिते, ते तुला चांगलं येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतलं रंगीत ताट दाखवतेस ते सुंदर आहे, पण आपल्या बाईचं ताट सगळ्यांचं झाल्यावर वाढलं जातं आणि तोवर वरणात पाणी उरतं. तिने काय खावं याआधी तिच्या वाटणीचं बाजूला कधी काढायचं हे बोल, आणि ते सासूला व नवऱ्याला ऐकू जाईल असं बोल. भाकरी तीच, डाळ-मटकी तीच, माठ नाहीतर शेवग्याचा पाला बांधावरचाच. त्यावर लिंबू पिळायचं आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवायचा. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. खर्च लिंबाचा तेवढा. 'आज रातच्याला काय करू' याचं उत्तर इथेच आहे बघ.

जामखेडला रजनीकांत आणि मेबल अरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून काम उभं केलं, ते तू एकदा जाऊन पाहा. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, आणि त्यांनाच आरोग्याचं शिकवलं. त्या शिकायच्या, गावी जाऊन सांगायच्या, लोकांनी विचारलेलं घेऊन परत यायच्या. परत येणं महत्त्वाचं, पोरी. तुझे व्हिडिओ जातात, पण तिकडून काही परत येत नाही.

तर पुढचा व्हिडिओ करण्याआधी एवढं कर. तुमच्या गावचा ग्राम आरोग्य व पोषण दिवस कधी आहे ते अंगणवाडीताईला विचार. उपकेंद्रातल्या सेविकेकडे हिमोग्लोबिन तपासायच्या पट्ट्या आहेत का, त्याची आधी खात्री कर. नसतील तर मागवायला तिला चार दिवस लागतील. पाच-सहा जणींना बोलाव आणि प्रत्येकीने स्वतःचा आकडा वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहावा असं बघ. त्या दिवशी फोन त्यांच्याच हातात असू दे, त्यांना आलेले निरोप त्यांनी तुला दाखवू देत. दिवस कळला की फोन कर, मी सकाळच्या एसटीने येते.

तुझी,
ताई