पीएचडीसाठी लिस्बन आणि लंडनच्या आर्काइव्हला जायचंय, प्रवासाचे पैसे कुठून मिळतात?

तुमचा प्रश्न नीट वाचला. आंतरराष्ट्रीय संबंधात पीएचडी, विषय १९४७ ते १९६१ मधला गोव्याचा प्रश्न, गाइड म्हणतायत की परदेशातली कागदपत्रं बघितल्याशिवाय थिसिस उभा राहणार नाही, आणि जेआरएफमध्ये (यूजीसीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप) ते बसत नाही. माझा विषय वेगळा होता पण याच सगळ्यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. विषय चांगला आहे म्हणून ट्रॅव्हल ग्रँट कोणी देत नाही, अमुक आर्काइव्हमधल्या अमुक फायली बघायच्यात आणि त्या दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत हे तुम्ही दाखवलं की देतात. आपल्याकडची बहुतेक प्रपोजल्स इथेच पडतात, दोन पानं विषयाचं महत्त्व आणि शेवटी एक ओळ की लंडनच्या अभिलेखागाराला भेट देणार. उलटं करा.

त्यासाठी घरबसल्या जे फुकट मिळतं ते आधी संपवा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांचं डिसेंबर १९५५ चं संयुक्त निवेदन, ज्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत म्हणून आला आणि आपल्याकडे गदारोळ झाला, त्याच्या मागचा पत्रव्यवहार अमेरिकन परराष्ट्र खात्याने छापलेल्या खंडांत आहे आणि ते सगळे खंड ऑनलाइन आहेत. दादरा-नगर हवेलीवरून पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो खटला भरला, ज्याचा निकाल एप्रिल १९६० ला लागला, त्यातले दोन्ही बाजूंचे युक्तिवाद न्यायालयाच्या साइटवर पडलेत. १८ डिसेंबर १९६१ ची सुरक्षा परिषदेची बैठक, जिथे रशियाने व्हेटो वापरला, तिचं इतिवृत्त युनोच्या डिजिटल लायब्ररीत आहे. केनेडींच्या ऑफिसच्या भारताबद्दलच्या फायलीही स्कॅन करून टाकल्यात, त्यामुळे बॉस्टनच्या केनेडी लायब्ररीसाठी तिकीट मागण्याआधी ते बघाच.

मग दिल्ली. परराष्ट्र मंत्रालयाच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात, त्यातल्या बऱ्याच अभिलेख पटल पोर्टलवर सापडतात, आणि नेत्यांच्या खाजगी कागदपत्रांसाठी तीन मूर्ती भवनातलं ग्रंथालय. हे जेआरएफच्या कंटिन्जन्सीतून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, होतं (आपल्या शाखांना पहिली दोन वर्षं १०,००० आणि नंतर २०,५०० वर्षाला, कमीच आहे पण दिल्लीपुरतं पुरतं). ग्रँटच्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येतो की दिल्ली झाली का.

एवढं झाल्यावर जे उरतं ते खरं प्रवासाचं कारण. लिस्बनला तोर्रे दो तोंबो या पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याचे स्वतःचे कागद आहेत, आणि पोर्तुगालच्या परराष्ट्र खात्याचं वेगळं आर्काइव्ह आहे, तिथे आधी ईमेल करून वेळ घ्या. लंडनला क्यूमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, एफओ ३७१ (परराष्ट्र खातं) आणि डीओ ३५ (कॉमनवेल्थशी संबंध बघणारं खातं) या फायलींच्या मालिका. पोर्तुगाल जुन्या तहांची आठवण करून देतोय आणि भारत कॉमनवेल्थमध्ये, त्यात ब्रिटनची कशी पंचाईत झाली ते तिथे दिसतं. क्यूचा कॅटलॉग ऑनलाइन आहे, फायलींचे नंबर तिथून उचला आणि प्रपोजलला यादी म्हणून जोडा. माझं म्हणणं विचाराल तर आख्ख्या अर्जात ही यादी सगळ्यात जास्त काम करते.

आता पैसे. आयसीएसएसआरकडे (भारतीय सामाजिक विज्ञान अनुसंधान परिषद) परदेशात डेटा गोळा करण्यासाठी मदतीची स्कीम राहिली आहे, तिचा कॉल कधी येतो यावर लक्ष ठेवा. युकेसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, थोड्या आठवड्यांच्या रिसर्च व्हिजिटला मदत करतात, पण सगळा खर्च निघेल असं धरू नका. पोर्तुगालसाठी पणजीला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेचं ऑफिस आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन बोला, आणि पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश इन्स्टिट्यूटच्या शिष्यवृत्त्या बघा. फक्त पोर्तुगीज वाचता येतं का हे विचारणारच, तेव्हा आत्तापासून क्लास लावा, तो अर्जातही लिहिता येतो.

अमेरिकेचा भाग मोठा असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप, सहा ते नऊ महिने, विमान, स्टायपेंड, इन्शुरन्स सगळं धरून, पण अर्ज ते प्रवास यात वर्ष जातं. थोड्याच दिवसांचं काम असेल तर आयझेनहॉवर, ट्रुमन अशा माजी अध्यक्षांच्या लायब्रऱ्यांशी जोडलेल्या संस्था स्वतःच छोट्या ट्रॅव्हल ग्रँट देतात, आपल्याकडे याला अर्ज करणारे फार कमी भेटतात. टाटा एन्डोमेंट सगळे सुचवतील, पण ती मुळात परदेशात शिकायला जाणाऱ्यांसाठीची लोन स्कॉलरशिप आहे, तुमच्या कामाची नाही.

एकाच ठिकाणाहून सगळं मिळेल ही आशा सोडा. विमान एकाकडून, राहणं दुसऱ्याकडून, आणि प्रत्येक अर्जात दुसरीकडे काय मागितलंय ते स्पष्ट लिहा, लपवलं तर नंतर त्रास होतो.

अजून एक, ज्यावर कोणी आधी बोलत नाही. आपल्याकडे बऱ्याचदा पैसे तुम्ही प्रवासाहून परत आल्यावर मिळतात, म्हणजे तिकीट, व्हिसा, राहणं सगळं आधी खिशातून. माझ्या एका मैत्रिणीचं बिल बोर्डिंग पास नाही म्हणून कितीतरी महिने अडकलं होतं, घरची परिस्थिती साधी, उसने घेतलेले पैसे, तिला झोप नव्हती. ज्यांच्या घरी लाख-दीड लाख बाजूला नाहीत त्यांना ही पद्धत सरळ बाहेर ठेवते आणि याचा मला मनापासून राग येतो. म्हणून मंजुरीचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी ॲडव्हान्स मागणारा अर्ज गाइडच्या सहीने टाका, नियमात बहुतेक ठिकाणी सोय असते, मागितल्याशिवाय देत नाहीत. सरकारी पैसा असेल तर तिकीट कुठून काढायचं तेही अकाउंट्सला लेखी विचारा, कारण बाल्मर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारमान्य एजंटांकडूनच काढायची अट लागू शकते आणि स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या ॲपवरून काढलेलं तिकीट मग पास होत नाही.

दिवस धरताना क्यूला कमी धरले तरी चालतं. रीडर्स तिकीट (वाचनकक्षाचा पास) फुकट, फाइल मागवली की तुमच्या सीट नंबरच्या कप्प्यात येते, स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे नाहीत, त्यामुळे तिथे वाचत बसू नका, फोटो काढा आणि प्रत्येक फाइलचा पहिला फोटो तिच्या नंबरचा घ्या. वाचलेले दिवस लिस्बनला द्या, तिथे भाषेमुळे वेळ लागणार आहे.