वाचकांचे प्रश्न : झटका देणारा कूलर, तुरटीचे पाणी आणि लग्नपत्रिकेची फाइल

प्रश्न : आमच्याकडे लोखंडी पत्र्याचा कूलर आहे. हात लावला की करंट लागतो. मात्र पिन उलटी करून बोर्डात लावली की झटका बंद होतो. गेले दोन उन्हाळे आम्ही असेच चालवले. कूलर दुरुस्त करून घेण्याची खरोखर गरज आहे काय? (एक शेतकरी वाचक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : गरज आहे, आणि ती पहिल्या उन्हाळ्यातच होती. पिन उलटवल्याने झटका थांबतो हे आपले निरीक्षण बरोबर आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र जिवावर बेतणारा आहे. दोन पिनांच्या प्लगमध्ये कोणती तार फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) लागेल आणि कोणती न्यूट्रलला (परतीच्या तारेला), हे ठरलेले नसते. मोटरच्या वाइंडिंगवरील (आतील तारेच्या वेटोळ्यांवरील) आवरण एखाद्या जागी जळून ती जागा पत्र्याला टेकली असेल आणि ती फेजच्या टोकाजवळ आली असेल, तर पत्र्यावर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टचा दाब येतो. पिन उलटवली की तीच जागा न्यूट्रलच्या टोकाजवळ जाते आणि पत्र्यावरचा दाब पुष्कळ उतरतो. बिघाड जिथल्या तिथेच असतो. उद्या झाडलोट करताना घरातील कोणी पिन काढून पुन्हा लावली, की पत्र्यात वीज आलीच, आणि त्या वेळी समोर उभे असलेले मूल नुकतेच अंघोळ करून ओल्या पायांनी आलेले असू शकते.

कोरड्या हाताला आणि चप्पल घातलेल्या पायाला नुसत्या झिणझिण्या येतात, म्हणून लोक अशा झटक्याला हसण्यावारी नेतात. भिजलेल्या शरीराचा रोध (विजेला होणारा अडथळा) ढोबळमानाने १,००० ओहमच्या आसपास उतरतो आणि २३० व्होल्टचा दाब असताना त्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडण्यास ५० ते १०० मिलिअँपिअरही पुरेसे ठरतात. घरातील एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारी कळ) अशा वेळी आपोआप पडेल, असा अनेकांचा समज असतो; पण ६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी हा प्रवाह नगण्य आहे. ती तारा जळू नयेत म्हणून बसवलेली असते, माणसासाठी नव्हे.

माणसासाठी असते ते आरसीसीबी नावाचे उपकरण. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, याची तुलना ते सतत करीत असते आणि दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडते. घरासाठी घेताना ३० मिलिअँपिअरचेच मागावे, आणि त्यावरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही हे पाहावे. त्याच्या जोडीला तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग हवे, म्हणजे पत्र्यातून विजेची गळती झाल्याबरोबर, कोणाचा हात लागण्यापूर्वीच, आरसीसीबी पडते.

‘खरे’ अर्थिंग असे मुद्दाम म्हटले आहे. आपल्या विदर्भातील काळी माती एप्रिल-मे महिन्यांत वाळून आक्रसते, जमिनीला हातभर भेगा पडतात आणि पुरलेल्या सळईपासून माती सुटते. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग नेमके कूलरच्या दिवसांत निकामी होते ते यामुळे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतावेच लागते. काही घरांत न्यूट्रल नीट येत नाही म्हणून अंगणात सळई ठोकून तिच्याकडूनच न्यूट्रलचे काम घेतात आणि कूलरचे अर्थिंगही तिलाच जोडतात. माती वाळली की ही सळई, आणि तिच्यामुळे कूलरचा संपूर्ण पत्रा, दाबाखाली येतो. हा प्रकार आपल्या घरी असेल तर आधी तो काढावा. कूलरचे नंतर पाहता येईल.

आता कूलर बाहेर काढाल तेव्हा पिन न लावता टाकीत वाकून पाहा. पाण्याच्या छोट्या पंपाची तार अनेकदा मध्येच जोडलेली असते आणि काळी चिकटपट्टी गुंडाळलेला तो जोड थेट पाण्याच्या पातळीवर लोंबत असतो. चिकटपट्टीमुळे पाणी आत जाण्याचे थांबत नाही. पंपाला अखंड तार घ्यावी आणि मोटर जाणकाराकडून तपासून घ्यावी. प्लास्टिकचा कूलर घेतल्याने पत्र्याची भीती जाते, टाकीतील पाण्याची जात नाही. खारपाणपट्ट्यातील (पूर्णा नदीच्या खोऱ्यातील) क्षारयुक्त पाण्यातून तर वीज अधिक सहज वाहते. म्हणून पाणी भरताना केवळ बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असेल, तर ते बंद असतानाही मोटरपर्यंत फेज पोहोचलेली असते. पिनच उपसून ठेवावी.

कोणी चिकटलाच तर त्याला ओढायला धावू नये. आधी मेन स्विच पाडावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी जोराने व जलद दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकाला फोन करावा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे गढूळ पाणी येते. तुरटी फिरवली की ते काचेसारखे नितळ होते. मग ते उकळण्याची गरज उरते काय? तुरटीने पाण्याचा खारटपणाही जातो असे आमचे जावई म्हणतात. (एक गृहिणी, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती)

उत्तर : गढूळपणा देणारे मातीचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार नाहीसा करते, पाण्यात चिकट पुंजके तयार होतात आणि माती घेऊन ते तळाशी बसतात. तुरटीचे काम इतकेच आहे. पुंजक्यांबरोबर काही जंतू खाली जातात, सर्व जात नाहीत. तेव्हा नितळ पाणी वरच्यावर दुसऱ्या भांड्यात काढून उकळावे, किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. क्रम मात्र हाच ठेवावा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराच भाग गाळातच खर्ची पडतो.

जावईबापूंचे म्हणणे मान्य करता येत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारेपणा हा पाण्यात पूर्णपणे विरघळलेल्या क्षारांचा आहे, आणि विरघळलेले मीठ तळाशी बसत नाही. उकळल्यानेही ते जात नाही. पाणी आटते तसा खारटपणा उलट वाढतो. त्यावर आरओ यंत्र किंवा गोड्या पाण्याचा दुसरा स्रोत, हेच उपाय आहेत.

यवतमाळ-चंद्रपूरकडील वाचकांसाठी एक जोड द्यावीशी वाटते. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, आणि त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम मानली जाते. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली, हे खरे आहे. परंतु तिच्यात तुरटीची मात्रा पाण्यातील फ्लोराइड व क्षारता मोजून ठरवतात आणि ती गढूळपणासाठी लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट असते. माठात दोन फेरे तुरटी फिरवून फ्लोराइड जात नाही, आणि घरी अंदाजाने जास्त तुरटी घालणेही योग्य नाही. प्रथम पाण्याची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेची फाइल आली आहे. नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे आहेत. उघडू काय? (एक विद्यार्थी, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला)

उत्तर : उघडू नये. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ स्वरूपात येते; एपीके म्हणजे फोनमध्ये नवे ॲप बसवणारी फाइल. असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. ओळखीच्या क्रमांकावरून आली तरी विश्वास ठेवू नये, कारण ज्याचा फोन आधी चोराच्या ताब्यात गेला त्याच्याच नावाने ती पुढे पाठवली जाते. घरातील कोणी ती बसवून मोकळे झाले असेल, तर त्या फोनचे इंटरनेट लगेच बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवावे आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.