यीस्टच्या पेशी किती आणि त्यांच्यात दम किती, हे इलेक्ट्रोडनं मोजता येतं का?

येतं की. पण तुम्ही कॉलेजच्या प्रयोगासाठी विचारताय की मायक्रोस्कोपखाली मोजत बसण्यापेक्षा इलेक्ट्रोड बुडवून संख्या आणि तब्येत दोन्ही एकदम कळेल का, तर एकदम नाही कळणार. ती दोन वेगळी मापं आहेत. मी इथं बडोद्यात इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्याच लॅबमध्ये असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संख्येसाठी कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, बघतात. जिवंत पेशीचं आवरण वीज जाऊ देत नाही आणि आतबाहेर दोन्हीकडे क्षारांचं पाणी, त्यामुळे रेडिओ फ्रिक्वेन्सीचं फील्ड लावलं की प्रत्येक पेशीवर चार्ज साठतो. आवरण फाटलं की साठणं बंद, आणि गाळबिळ असेल तर त्याला आवरणच नसतं म्हणून तो मोजलाच जात नाही, ऑप्टिकल डेन्सिटीत (म्हणजे द्रावणातून उजेड किती अडतो ते मोजताना) मात्र जे जे गढूळ ते सगळं धरलं जातं. ब्रुअरीत यीस्ट घालताना असे प्रोब वापरतात, तिथं मिलीलिटरला साधारण 1 कोटी पेशी घालायच्या असतात (आपल्याकडे गुजरातमध्ये दारूबंदी, तेव्हा ते बघायला मिळणं अवघडच). पण साध्या एलसीआर मीटरला (कपॅसिटन्स वगैरे मोजणारं लॅबमधलं यंत्र) दोन तारा लावून 1 किलोहर्ट्झवर हे करायला जाऊ नका, तिथं इलेक्ट्रोडवर जमलेले आयनच दिसतात, पेशींचा सिग्नल त्यात बुडून जातो. यीस्टचा खरा खेळ 1 मेगाहर्ट्झच्या आसपास, त्यातून 10 मेगाहर्ट्झचं रीडिंग वजा करतात. कॉलेजच्या बजेटमध्ये हे बसणार नाही, संख्या सरळ न्यूबावर चेंबरनंच (मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) काढा.

आणि उपाशी, मरगळलेल्या पेशीचंही आवरण शाबूत असतं, ती कपॅसिटन्समध्ये तितकीच दिसते. म्हणून दम वेगळा मोजावा लागतो, आणि हे काम स्वस्तात होतं. ग्लुकोज खाताना पेशीत इलेक्ट्रॉन सुटतात, ते बाहेर काढायचे. यीस्टमधून वीज काढायचा प्रयोग इंग्लंडच्या पॉटरनं 1911 मध्येच केला होता, तेव्हा कल्पना जुनीच. त्यासाठी इलेक्ट्रॉन वाहून नेणारी दोन रसायनं लागतात: फेरीसायनाइड पेशीत शिरत नाही, मेनाडिऑन शिरतं. म्हणजे मेनाडिऑन हा थेट घरात येणारा कुरिअरवाला, तो आतून इलेक्ट्रॉन उचलतो आणि सोसायटीच्या गेटवर थांबलेल्या फेरीसायनाइडला देतो, त्याचं फेरोसायनाइड होतं आणि ते इलेक्ट्रोडवर करंट देतं.

इथं बडोद्यात मांडवीकडे बेकरीच्या सामानात ड्राय यीस्ट मिळतं, ग्रॅमला हजार कोटीच्या आसपास पेशी असतात. कोमट पाण्यात फुलवा, फॉस्फेट बफरमध्ये दोनतीनदा धुवा, मग पीएच 7 च्या बफरमध्ये ग्लुकोज, फेरीसायनाइड आणि थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवलेलं मेनाडिऑन घालून 30 डिग्रीवर अर्धा तास ठेवा. वॉटर बाथ घ्याच, मे महिन्यात आपल्या 'रूम टेंपरेचर'वर कसला भरवसा. यीस्ट जोमात असेल तर पिवळा रंग फिका पडताना डोळ्यांनी दिसतो. मग सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्या, इलेक्ट्रोड घासून चकचकीत करा आणि सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत 0.4 व्होल्ट देऊन करंट वाचा.

आलेला करंट पेशींच्या संख्येनं भागा, नाहीतर 'दम जास्त' म्हणून जे दिसेल ते नुसतं यीस्ट जास्त पडलेलं असेल. सोबत एक नमुना उकळलेल्या यीस्टचा आणि एक ग्लुकोज न घातलेला ठेवा, दोन्हीत इथेनॉल तेवढंच, कारण यीस्ट इथेनॉलमधूनही इलेक्ट्रॉन काढतं आणि मग ग्लुकोजशिवायही करंट का येतोय म्हणून तुम्ही डोकं खाजवत बसाल. इथेनॉल इथं परमिटचं काम आहे, सरांना सांगून स्टोअरमधून घ्या. फेरीसायनाइडची बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, आणि उरलेलं द्रावण ज्यात ॲसिड ओतता त्या वेस्टच्या डब्यात चुकूनही टाकू नका, तीव्र ॲसिडशी त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो.