वादळात बागेतला आंबा अर्धा चिरला, शेवगा आडवा झाला, काय वाचेल?

आधी झाडात वीजेची तार अडकली नाही ना, ते लांबूनच पाहा. अडकली असेल तर हात न लावता पालिकेला कळवा, मुंबईत १९१६ वर. आवरण्याआधी फोटो काढून ठेवा, विमा असेल तर लागतात.

आता आंबा. १७ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा गोराईत आमच्या हापूसची मोठी फांदी खोडापासून साल ओढत खाली लोंबत होती. दिसलं की पोटात कालवायचं. अशी फांदी एका दमात कापू नका, सालीचा पट्टा खोडापर्यंत सोलत जातो. बुंध्यापासून हातभर लांब आधी खालून अर्धवट काप द्या, मग वरून. वजन उतरलं की उरलेला खुंट, फांदी खोडाला जुळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापा. जखमेवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीतच.

शेवग्याची काळजी सोडा. मुळं धरून असतील तर तीन-चार फुटांवर छाटा, फुटेल. तुटलेले जाड तुकडे जमिनीत खोचले तरी जगतात.

कलमं नुसती कलंडली असतील तर आजच सरळ करा, तोवर मुळांवर ओलं गोणपाट टाका. बांबूचा आधार द्या, पण सुंभ सैल बांधा. समुद्र जवळ असेल तर पानांवरचा खार गोड्या पाण्याने धुवा. खत मात्र नवी पालवी दिसेपर्यंत नको.

उभं झाड तोडायचं असेल तर स्वतःच्या आवारातही पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. पण घाई करू नका, आमचा आंबा अजून उभा आहे.