व्हील खराब नाही, गेमला व्हील कळत नाही

प्रश्न : दादा, मी निपाणीचा. दोन वर्षं पैसे साठवून ९०० डिग्री फिरणारं स्टीअरिंग व्हील घेतलंय, तीन पेडल, गिअर शिफ्टर पण. गेल्या आठवड्यात नवीन रेसिंग गेम घेतला आणि डोकंच उठलं बघा. व्हील जरा वळवलं तर गाडी हलतच नाही, आणखी वळवलं की एकदम कडेला, क्लच तर गेमला दिसतच नाही. दुकानदार म्हणतो व्हीलच खराब. खरं काय?

उत्तर : तसं वाटत नाही रे. आधी खात्री करून घे, विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाईप कर आणि व्हील, पेडल हलवून बघ. तिथं सगळं नीट हललं तर व्हील ठणठणीत आहे.

गडबड गेममध्ये असते, तो गेमपॅड म्हणजे दोन हातांत धरायच्या कंट्रोलरचा हिशोब धरून लिहिलेला असतो. गेमपॅडची काडी अंगठ्याखाली जेमतेम हलते म्हणून मधली थोडी हालचाल गेम धरतच नाही आणि स्टीअरिंग स्वतःच मऊ करतो, तोच हिशोब अडीच फेऱ्या फिरणाऱ्या व्हीलला लावला की हेच होणार की. त्यात बरेच गेम फक्त एक्सइनपुट, म्हणजे विंडोजची गेमपॅडशी बोलायची पद्धत, धरून लिहिलेले, त्यात दोन काड्या, दोन ट्रिगर आणि बटणं, क्लचला जागाच नाही, आणि हाताला मिळते ती नुसती थरथर. तवंदी घाट उतरताना ड्रायव्हरला रस्ता हातात कळतो ना, तसंच व्हील हाताला जो जोर देतं ते फोर्स फीडबॅक, ते डायरेक्टइनपुट नावाच्या विंडोजच्या जुन्या पद्धतीतून येतं, गेमनं ते घेतलंच नाही तर व्हील मेल्यासारखं वाटतं. पूर्ण पैसे घ्यायचे आणि व्हीलचं काम अर्धवट सोडायचं, याचा मला मनापासून राग येतो, कारण तुझ्यासारखी पोरं पै पै जमवून व्हील घेतात.

तरी एवढं करून बघ. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असशील तर तिथं त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन स्टीम इनपुट बंद कर, गेममध्ये डेडझोन, म्हणजे गेम न धरणारी ती मधली हालचाल, शून्यावर आण. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकमेकांना खात असतील तर व्हीलच्या सॉफ्टवेअरमधलं कंबाइन्ड पेडल्स बंद कर. मग २०१२ चा युरो ट्रक सिम्युलेटर २ लावून बघ, त्यात क्लच, शिफ्टर सगळं चालतं, म्हणजे दुकानदाराला दाखवायला पण होईल.

आणि पुढचा गेम स्टीमवर घेतलास तर पहिल्याच तासात व्हील जोडून बघ. १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात.